वीतभर माती, शंभर वर्षं

काळाचा हिशेब ठेवावा तो आमच्या आत्याच्या यजमानांनीच. अख्ख्या आंबेगाव तालुक्यात त्यांच्या तोडीचा माणूस नाही, आणि जुन्नरकरांचं म्हणणं वेगळं असेल तर त्यांनी आपला गडी हजर करावा. आत्याचा नवरा म्हणून मी त्यांना मामा म्हणतो. तरुणपणी जुन्नरजवळच्या एका उत्खननावर त्यांनी दोन उन्हाळे घमेली वाहिली. तिथले म्हातारे प्रोफेसर चहाच्या सुट्टीत मजुरांना पहिल्यावहिल्या खणणाऱ्यांच्या गोष्टी सांगत. बाकीचे बिड्या ओढत, मामा तेवढे ऐकत. "आरं, त्या सायबांना वाटायचं, बायबलापरमानं सगळं जग सहा हजार वर्षांचं," मामा मला सांगत. "मंग नदीकाठी घावली दगडी कुऱ्हाड, आन् तिच्याशेजारी कवाच नाहीशा झालेल्या हत्तीचं हाड. लई टरकले राव! काळाला तळच लागंना." त्यांतल्या काहींनी मग धीर यावा म्हणून माप काढलं. एवढी माती साचायला एवढी वर्षं, तर खाली उतरा आणि मोजा. मामांनी ते माप उचलून आमच्या सह्याद्रीला लावलं: वीतभर माती, शंभर वर्षं.

तेव्हापासून मामा वितीनं जगले. पुतणीसाठी स्थळ बघायला गेले, तर नवऱ्याच्या घरच्या फडताळावर बोट फिरवून म्हणाले, "हितं पेशवाईपास्नं कुणी फडकं मारलं न्हाई." सोयरीक तिथंच आटोपली. शिनोलीच्या वर डोंगराच्या कुशीत त्यांची वाडी. घरामागं, ऐन उताराच्या पायथ्याशी, त्यांनी खड्डा घेतला होता. रोज शिडी लावून उतरायचे आणि आतून राजघराणी पुकारायचे. आत्याही सरावलेली. "अहो, सातवाहनांतून वर या, चहा निवतोय," अशी तिची हाक मी या कानांनी ऐकली आहे.

गेल्या श्रावणात पाऊस चार दिवस थांबलाच नाही आणि वाडीच्या वर डोंगराला भेग पडली. डोंगर घरावर येतो हे आमच्याकडं कुणाला शिकवावं लागत नाही. तासाभरात वाडी रिकामी झाली. मामा मात्र हलेनात. "हिशेबानं ह्यो डोंगर अंगणात यायला नऊ हजार वर्षं हायेत." मी ओतूरहून जीप घेऊन पोचलो, तेव्हा आत्या गाठोडं मांडीवर घेऊन ओट्यावर बसली होती. ओठ पांढरे. "मी एकटी न्हाई यायची. आदी ह्यांला वर काढ."

भर दुपारी अंधारून आलेलं. खड्ड्यावर प्लास्टिकचा कागद फडफडत होता आणि मी काठावर ओणवा झालो, तर आत मामा गुडघाभर चिखलात उभे होते. "बग, गुडघ्यापास्नं वर आठ विती एकच थर. आठशे वर्षं!" त्यांनी थराच्या तळातलं एक खापर माझ्या हातात दिलं, मग माथ्यावरचं दुसरं. माझे हात भीतीनं नुसते चाळा करत होते. त्या चाळ्यात दोन्ही तुकडे खट्‌कन एकमेकांत बसले.

"मामा, हे एकाच मडक्याचे आहेत."

"दाव."

त्यांनी ते जुळवले, सोडवले, पुन्हा जुळवले. मग खड्ड्याच्या भिंतीवरून हात फिरवला. उभे-आडवे घुसलेले धोंडे, मधे उलटं पडलेलं जातं. त्यांचा आवाज इतका बारीक झाला, की पावसात मला वाकून ऐकावं लागलं. "आठशे वर्षं न्हाईत रं ही. एका दमाची माती हाये. घर व्हतं हितं. डोंगर आला."

तेवढ्यात कडेची मूठभर माती सुटून त्यांच्या खांद्यावर पडली. मामा शिडीला लागले. मी बखोट धरून ओढत होतो आणि ते ओरडत होते, "मला सोड, तिला गाडीत घाल! आदी तिला!" आयुष्यात कधी घाई न केलेला तो माणूस अनवाणी अंगणातून धावला आणि आत्याला गाठोड्यासकट उचलू लागला. शिनोलीपर्यंत जीपमध्ये माझ्या दातांचाच काय तो आवाज.

डोंगर अजून आलेला नाही. दिवाळीनंतर वाडीतले लोक परतले, आणि बाजारात भेटले की टोमणा मारतात, "काय मामा, नऊ हजार वर्षं एकदम सरली का?" मामा हसत नाहीत. शिनोलीत रस्त्यालगत दोन खोल्या घेऊन राहतात. मी निघालो की बजावतात, ओतूरला पोचल्यावर फोन कर. मी करतो. पहिल्याच घंटीला उचलतात. "पोचला का?" "पोचलो मामा." पण त्यानंतरही ते फोन ठेवत नाहीत. पलीकडून नुसता श्वास ऐकू येत राहतो, आणि मीही ठेवत नाही.