पुढच्या गाडीचा फुफाटा

येडशीला मोटारीतून उतरलो आणि पाय घोट्यापर्यंत बारीक, मऊ धुळीच्या फुफाट्यात गेला. सलग दुसरं दुष्काळी साल. मोटारींच्या रॅलीत गाडी विलास चालवायचा आणि मी शेजारी बसून वहीतली वळणं सांगायचो. आमच्याच चमूची दुसरी गाडी केकीची. पुढच्या वर्षी मालक एकच गाडी ठेवणार होते. म्हणजे दोघांतला एक घरी बसणार.

विलाससारखा हात मी पाहिलेला नाही. पण हा गृहस्थ एक टप्पा असा चालवतो की बघत राहावं, आणि दुसऱ्यात गाडी बाभळीत घालतो! केकी मात्र रोज एकसारखा, अगदी कंटाळा येईल इतका.

रामलिंगच्या घाटाचा टप्पा नुकताच संपवून आलो होतो. वेळेची चौकी येडशीच्या दूध सोसायटीच्या ओट्यावर. दूध नव्हतंच, पंच रिकाम्या कॅनवर बसलेले. चेअरमनांनी भाकरी-ठेचा दिला, पाणी एकेकच पेला. "माफी करा पावणं, टँकर आला न्हाय अजून," म्हणाले. विलासनं भाकरीला हातही लावला नाही.

"केकीचा टाइम किती?"

"अरे, आपण दीड मिनिट पुढं आहोत. आता शेवटचा टप्पा, भूमपर्यंत नीट चालव, बस्स."

"चेष्टा करू नकोस."

पंचांचा कागद त्याच्या नाकासमोर धरला. "लिहिताना चुकले असतील," म्हणाला.

भूमचा रस्ता कच्चा. केकी आमच्याआधी सुटला. विलासचे कान माझ्याकडं नव्हतेच; डोळे पुढच्या धुळीवर. एका फाट्यावर डावीकडं लोट उठलेला दिसला.

"उजवीकडं! विलास, उजवीकडं!"

त्यानं डावीकडंच घातली.

दोन-तीन मैलांवर लोट थांबला, आणि समोर पाण्याचा टँकर. बायका घागरी घेऊन धावल्या, आमच्या मागंपुढं रस्ता भरून गेला. खडी फोडून आलेली एक म्हातारी खिडकीशी वाकली.

"आमच्या टँकरच्या मागं कशापाई पळत आलाव बाबा?"

विलासनं स्टिअरिंगवर डोकं टेकलं. त्या घागरींवर हॉर्न वाजवायला मला तोंड नव्हतं. गर्दी सरेपर्यंत बसून राहिलो.

भूमला मालक विलासला "बघू" म्हणाले. त्यांच्या 'बघू'चा अर्थ आम्हाला माहीत होता. केकीनं येऊन विलासचा हात हातात घेतला.

सामान येडशीला होतं. उन्हं उतरल्यावर त्याच रस्त्यानं परत निघालो. पुढं गाडी नाही, धूळ नाही. विलास नुसता चालवत होता. आणि काय चालवत होता! एक वळण चुकलं नाही, एकदा गाडी हिसकली नाही. मला रडू यायला लागलं आणि त्याचा रागही आला.

सवयीनं मी निघताना घड्याळ दाबलं होतं. येडशीला पाहिलं, तर दिवसभरात त्या रस्त्यावरून एवढ्या कमी वेळात कुणीच गेलं नव्हतं. घड्याळ खिशात टाकलं. पुण्याला पोचेपर्यंत काढलं नाही, आजवर त्याला सांगितलंही नाही. सांगितलं असतं तर त्यानं विचारलं असतं, "केकीचा किती?"