मारेकऱ्याचा अंगरखा

माझ्या हातून आयुष्यात एकच मारेकरी घडला, आणि तोही मी ब्लाउजसारखा शिवला.

अबू धाबीत, अल रीम आयलंडवर, एकविसाव्या मजल्यावर मी मुलाकडे राहते. मुलगा-सून दिवसभर ऑफिसात. संध्याकाळी तेरा वर्षांची नात व्हिडिओ गेम खेळते, मी शेजारी बसून मटार सोलते आणि कोण कुठून येतंय ते ओरडून सांगते.

"आजी, इट्स अ स्टेल्थ गेम! यू कान्ट शाउट!"

म्हणजे चोरपावलांनी जायचं असतं. तर या गेममध्ये एका हवेलीच्या तळघरात जुन्या काळच्या नामांकित मारेकऱ्यांचे पुतळे आहेत. त्यातला एक चिनी. दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी यानं म्हणे चीनच्या पहिल्या सम्राटाला भाल्यानं मारलं. (तो सम्राट अमर व्हायच्या गोळ्या खाऊन मेला, असंही मी कुठंतरी वाचलंय. पण गोळ्यांचा पुतळा कोण करणार?) बाकीच्या मारेकऱ्यांचे पराक्रम गाजलेले, या बिचाऱ्याला गेममध्ये धड चालताही येत नाही. नुसता उभा. नात मात्र दर वेळी तिथं जाऊन थांबायची.

मग इथल्या एका मोठ्या हॉलमध्ये मुलांचा मेळावा जाहीर झाला. गेममधलं कुणीतरी बनून यायचं, स्टेजवर जायचं आणि अर्ध्या मिनिटात आपण कोण ते सांगायचं. नातीनं हाच निवडला.

"कपड्यांचा रंग कुठला गं त्याच्या?"

"नोबडी नोज, आजी. ही इज अ स्टॅच्यू."

सुनेनं मला स्वयंपाकघरात गाठलं. "आई, तिला भरीला घालू नका. मागच्या गॅदरिंगला ही विंगेतून परत आली, आठवतंय ना? दोन आठवडे शाळेत जायला तयार नव्हती. या वेळी परत फिरली तर पुन्हा स्टेजचं नाव काढायची नाही."

"इन्शाल्ला, नाही फिरणार," मी म्हटलं. या देशात इतकी वर्षं काढल्यावर कुठली चर्चा कुठल्या शब्दानं थांबते ते कळतं.

पण मनात म्हटलं, विंगेतून परत येण्याची विद्या पोरीनं कुणाकडून उचलली, ते या सुनेला कुठं ठाऊक!

पंचेचाळीस वर्षांपूर्वी मी बर दुबईत नवी नवरी होते. मंडळाच्या गणपतीत नाटक बसलं. पुरुष ड्युटीवर, म्हणून पहारेकऱ्याची मिशी माझ्या वाट्याला आली. हातात भाला आणि तोंडी एक वाक्य: "महाराज, दूत आले आहेत." बस्स. पण त्या नव्या नवरीला, म्हणजे मला, वाटलं, नाटक आपल्याच खांद्यावर उभं आहे. झाडूचा भाला करून महिनाभर नवऱ्याला रोज दूत आल्याची वर्दी दिली. आईला पत्रात कळवलं, मुख्य भूमिका म्हणता येणार नाही, पण जवळपास. आणि प्रयोगाच्या दिवशी पडद्याच्या फटीतून भरलेला हॉल पाहिला मात्र, तिचा पाय मुरगळला. म्हणजे तिनं मुरगळला. उजव्या पायाला पट्टी बांधली आणि भरपूर लंगडली, डाव्या पायानं.

दिग्दर्शक म्हणाले, "वहिनी, पाय बदललात वाटतं?"

"दुखणं उतरलंय हो त्या पायात," मी म्हटलं, आणि त्यांना ते पटलं असं पुढं कितीतरी वर्षं समजत होते. त्या दिवशी दूत वर्दीशिवायच आत आला. नाटकाचं काही अडलं नाही. तेच जास्त लागलं.

असो. मुलानं आम्हाला कापड घ्यायला दुबईच्या मीना बाजारात नेलं. दुकानदारानं जरीचा ढीग काढला. "आंटीजी, शादी है?"

"नहीं भैया, खून है."

नातीला अंगरखा राखाडी हवा होता, पुतळ्यासारखा. मी म्हटलं, दगड झाल्यावर होतो माणूस राखाडी, जिवंतपणी रंग घालतोच. शेवटी गडद निळा घेतला, काठाला लाल पट्टी. टणक काठी न्यायला बंदी होती, म्हणून तलावात पोहायला घेतात त्या फोमच्या नळीचा भाला केला. अंगरखा मी दोन दिवसांत शिवून काढला. चाळीस वर्षं बायकांचे ब्लाउज शिवलेत. कापड दिसलं की हात आपले आपण चालतात.

मेळाव्याच्या दिवशी सून समोर प्रेक्षकांत जाऊन बसली, मी नातीबरोबर स्टेजमागच्या रांगेत. आमच्या पुढं एक चिनी बाई, तिच्याबरोबर तिचा मुलगा, रोबो झालेला. बाईनं अंगरखा कौतुकानं न्याहाळला. मग जरा घुटमळली.

"व्हेरी ब्यूटिफुल. बट..."

तिनं हातांनी दाखवलं. त्यांच्या जुन्या रीतीनं जिवंत माणसाची डावी बाजू उजवीवर येते. उलटं नेसवतात ते प्रेताला.

मी खाली पाहिलं. उजवी बाजू डावीवर! ब्लाउजची उजवी पट्टीच वर येते ना. आपण कुणासाठी शिवतोय हे हातांनी मला विचारलंच नव्हतं. बंदही काखेत पक्के शिवलेले, फिरवायची सोय नाही. पुढं उरली होती चार मुलं.

नातीनं भाला भिंतीला टेकवला. "आजी, लेट्स गो होम. माय स्टमक हर्ट्स."

दुखणं ओळखीचं होतं. मी म्हटलं, "डावीकडे की उजवीकडे? नीट ठरव बाई. मी ठरवलं नव्हतं." आणि तिला बर दुबईतला पाय सांगितला, पट्टीसकट. घरात आजपर्यंत सगळे तो खरा मुरगळला असंच धरून होते.

"यू लाइड? टू एव्हरीवन?"

"आजोबांनासुद्धा. रोज तेल लावून चोळायचे. डावाच." ती हसली. मी म्हटलं, "अंगरख्याची चूक माझी, तुझी नाही. घरी जायचं तर चल, मी येते. पोटाचं मात्र सांगू नकोस कुणाला."

ती अंगरख्याची कड चाचपत राहिली. मग त्या बाईला म्हणाली, "सो ही इज ड्रेस्ड लाइक अ डेड मॅन?"

बाईनं संकोचून मान हलवली.

पुकारा झाला. नातीनं भाला उचलला आणि गेली. मी विंगेत, मिशीशिवाय.

ती इंग्रजीत बोलली. मी आपलं मराठीत सांगते. "सम्राटाभोवती सगळीकडे पहारा होता. आपण आत पोचू हे याला माहीत होतं. बाहेर येणार नाही हेही माहीत होतं. म्हणून त्या दिवशी सकाळी यानं प्रेतासारखे, उजवी बाजू वर घेतलेले कपडे स्वतःच घातले. नंतर दुसऱ्या कुणाला घालावे लागू नयेत." गेममध्ये यातलं अक्षर नाही. पहिली टाळी चिनी बाईची.

बक्षीस रोबोला गेलं. त्याच्या छातीत दिवे लागत होते, आमच्याकडे नुसतं मरण.

गाडीत सून डोळे पुसत म्हणाली, "आई, तो उलटा अंगरखा तुम्ही मुद्दाम शिवलात ना?"

"म्हणजे काय!" मी म्हटलं. मागच्या सीटवरून फोमचा भाला माझ्या मानेत आला.

मी नातीला म्हटलं, उसवून सुलटा करून देते. "डोन्ट यू डेअर," ती म्हणाली.

लिफ्टमधून बाहेर पडताना माझा गुडघा खरोखर आखडला. मी भिंत धरली.

"आजी," नात म्हणाली, "लेफ्ट ऑर राइट?"