रिकाम्या खोबणीतला निर्दोष पिक्सेल

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. ज्यांचा आहे, त्यांच्याबद्दलचं माझं मत संपादक छापणार नाहीत. पिंपळ, पांढरी साडी, उलटे पाय... कल्पनेचा नुसता दुष्काळ. माझ्या वाट्याला आलं ते मात्र भलतंच शिकलेलं निघालं.

मी मूळचा बेळगावचा, मल्लेश्वरमजवळच्या एका संशोधन संस्थेत इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअर. आमच्याकडे गॅमा किरणांच्या दुर्बिणीचा कॅमेरा तयार होत होता. त्यात प्रकाश टिपणाऱ्या शेकडो काचेच्या ट्यूब; एक ट्यूब म्हणजे एक पिक्सेल. झाकण लावून सगळ्यांवर सारखाच प्रकाश टाकायचा आणि कोण किती उत्तर देतो ते जुळवून घ्यायचं – हे कॅलिब्रेशन. ते काम नागपूरच्या मृण्मयीकडे; ती पीएचडीनंतर कंत्राटावर आलेली. काम मंजूर झालं तर वर्षाची मुदतवाढ, नाहीतर सामान बांधायचं.

एका दुपारी ती म्हणाली, "अण्णा, या कोपऱ्यातल्या पिक्सेलचा सिग्नल बघा ना. सगळ्यात सुंदर आहे."

"मग तोंड का पाडलंयस?"

"तिथे ट्यूबच नाही ना. दुरुस्तीला तुम्हीच काढली."

मी उघडून पाहिलं. खोबण रिकामी. केबल बदलली, बोर्ड बदलला, शेजारच्या ट्यूब बंद केल्या. दिवा विझवला की हा गप्प, लावला की चोख उत्तर. शेवटी तिथे नवी ट्यूब बसवली – तर पिक्सेल इतरांसारखाच रडतखडत चालायला लागला. काढली, की पुन्हा निर्दोष. थोडी भीती वाटली, आणि खरं सांगतो, मजा जास्त.

पुण्याहून तपासणीला एक ज्येष्ठ सर आले. मुदतवाढ त्यांच्याच हातात. तरी मृण्मयीनं काही लपवलं नाही. सरांनी आलेख पाहिला, खोबणीत वाकून पाहिलं, चष्मा पुसला.

"हा पिक्सेल खराब म्हणून नोंदवा."

"पण सर, हा एकच तर बरोबर चालतोय."

"मॅडम, तुम्हाला मुदतवाढ हवी आहे की पिक्सेल?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मी छताकडे. मग तिनं 'खराब' टाइप केलं.

मुदतवाढ मिळाली. कॅमेरा पहाडावरच्या दुर्बिणीकडे रवाना झाला. तिथेही, म्हणतात, ती खोबण रिकामीच आहे. तिच्याकडे कोणी बघत नाही. हे असं का होतं, याचं कारण मला आजवर सापडलेलं नाही. मध्यंतरी एका परिषदेत सर भेटले, तेव्हा धीर करून विचारलं.

"कारण कसलं?" सर म्हणाले. "तो पिक्सेल खराब आहे."