एकमेकांची माती हुंगणारी माणसं

संशय घेणं हेच ज्यांचं काम, त्यांच्याकडं किश्श्यांचा तोटा नसतो. पडेगावकडं आम्ही चौघं सेंद्रिय स्ट्रॉबेरी लावतो. तपासायला बाहेरचं कुणी येत नाही. आमचं आम्हीच एकमेकांच्या वावरात जाऊन बघायचं. एकानं जरी रासायनिक औषध मारलं, तर चौघांचंही 'सेंद्रिय' जातं. त्यामुळं आमच्यात दोस्ती आहे, भरोसा नाही.

*

रोपं आणायला संगीताताई आणि मी नर्सरीत गेलो. ताई आधी वाळूजच्या एका कंपनीत माल तपासायच्या, त्यामुळं कुठलीही वस्तू उलटून बघितल्याशिवाय घेत नाहीत. त्यांना गोड 'स्वीट चार्ली' हवी होती, मला टिकाऊ 'कॅमारोसा'. नर्सरीवाल्यानं दोन्ही ट्रे पुढं ठेवले. आम्हाला तर पानं सारखीच दिसली.

"यातली कोणती कोणती, ओळखायचं कसं?" ताईंनी विचारलं.

"फळ आल्यावर कळंलच की, ताई."

"व्हय. माझं लगीन जमवणाराबी असंच म्हणला होता."

*

मुळं कुजू नयेत म्हणून मातीत ट्रायकोडर्मा टाकतो. ही चांगली बुरशी, वाईट बुरशीला खाते. पण पाकिटात जिवंत बुरशी आहे का नुसती पावडर? आमच्यातल्या रफिकभाईंनी उपाय काढला. दोन वाट्यांत भात घेतला, एकीत पावडर टाकली, दुसरी तशीच ठेवली. पावडरचा भात हिरवा पडला, तर माल खरा.

दोन्ही वाट्या हिरव्या पडल्या.

रफिकभाईंनी दोन्ही वाट्या हुंगल्या. मग म्हणाले, "पाकीट तो ठीक है. अब चावल किसने दिया, वो देखना पडेगा."

*

एकदा विकायला बसलो होतो. एका बाईंच्या डब्यात गोगलगाय निघाली. मी खूश. म्हटलं, औषध मारलेलं असतं तर ही जगली असती का?

बाईंनी गोगलगाईकडं बघितलं, मग माझ्याकडं. "एकाच डब्यात कशी? तुम्हीच सोडली असंल."

*

यंदा आम्हा तिघांच्या झाडांची मुळं कुजली, निम्मे वाफे बसले. चौथे दाभाडेमामा. त्यांचं रान मात्र हिरवंगार! रोपं तीच, पाकिटं तीच.

एका सकाळी आम्ही तिघंही एकमेकांना न सांगता मामांच्या वावरात हजर. ताई पानं चोळून वास घेत होत्या, रफिकभाई माती हुंगत होते, मी बांधावर औषधाचे रिकामे डबे हुडकत होतो. मामा म्हणजे घरचा माणूस, लाज वाटत होती. पण पीक तर गेलंच होतं, आता नावही जायची भीती.

तेवढ्यात मामी ताटलीभर स्ट्रॉबेरी घेऊन आल्या. मामा सिल्लोडला गेलेत म्हणाल्या. आम्ही ताटलीकडं बघत उभे. कुणाचाच हात पुढं होईना.

मामी शांतपणं म्हणाल्या, "खावा की. औषध मारलेली आम्ही येगळी ठेवतो."