पुट अप म्हणजे पेश करणं

माझं माहेर बार्शीचं, म्हणजे इंग्रजी मुलखातलं. सासर परंड्याचं, निजामाच्या राज्यातलं. अंतर थोडं, पण मधे करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका, आणि नाक्याच्या दोन्हीकडच्या शाळा निराळ्या. मी बार्शीला चार इयत्ता इंग्रजी शिकले होते. आमचे हे परंड्याच्या तहसिलीत अहलकार होते, आताच्या भाषेत कारकून. उर्दू अक्षर मोत्यासारखं. इंग्रजी मात्र सहीपुरतं.

निजामी संपल्यावर कचेरीत मद्रासकडचे एक साहेब आले. त्यांना मराठी अजिबात येत नव्हतं, उर्दू मोडकंतोडकं. सगळा कारभार इंग्रजीत. आल्या आल्या त्यांनी एका मिसलीकडं, म्हणजे फायलीकडं, बोट दाखवून यांना सांगितलं, "पुट इट अप." पुट म्हणजे ठेव, अप म्हणजे वर. यांनी मिसल उचलली आणि कपाटावर नेऊन ठेवली. दुपारी साहेबांनी ती मागितली तेव्हा हे स्टूल घेऊन वर चढले. साहेब बघत राहिले, मग हसले. ते हसल्यावर सगळी कचेरी हसली. शेवटी साहेबांपुढं कागद मांडणारे पेशकार म्हणाले, "अहो, पुट अप म्हणजे पेश करा!"

त्या संध्याकाळी यांनी भाकरी अर्धीच खाल्ली. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. त्यांनी खोदून विचारलं तेव्हा सगळं बाहेर आलं.

"साहेबाचं हसणं मनावर घिऊ नगंस," आत्याबाई म्हणाल्या. "नवं काम अंगावर घेतलं की असं व्हतंयच."

"पण आई, ठेवणं म्हणजे पेश करणं कसं? एका शब्दाला शेपूट लावलं की अर्थच पालटतोय. किती पाठ करायचं माणसानं?"

मी चुलीजवळून म्हटलं, "आत्याबाई आत्ता मनावर घेऊ नका म्हणाल्या, आणि काम अंगावर घेतलं म्हणाल्या. घेणं तेच ना? पोरं घर डोक्यावर घेतात, तेही घेणंच. आपण कुठं पाठ केलंय?"

"ते रोज कानावर पडतंय."

"मग हेही रोज कानावर पडू द्या."

यांनी मान वर करून माझ्याकडं पाहिलं. बायकोकडून शिकायचं, हे त्यांना अवघड वाटत होतं. तरी दुसऱ्या दिवशी कचेरीला निघताना दाराशी घुटमळले. मी टोपी पुढं केली आणि म्हटलं, "पुट ऑन युवर कॅप." त्यांनी इकडंतिकडं बघून टोपी घातली. मग तो रोजचा परिपाठच झाला. कंदील विझवला की पुट आउट. कोट काढला की टेक ऑफ. एकदा मी तंबाखूच्या चंचीकडं बघून "गिव्ह अप" म्हटलं, तर म्हणाले, "हे साहेब कधी म्हणत नाहीत. ऱ्हाऊ दे." शेजारचं कुणी आलं की आम्ही गप्प व्हायचो.

"सकाळधरनं काय पुटपुटायलाव रं दोघं?" आत्याबाईंनी एक दिवस विचारलं. पुटपुट ऐकून आम्हाला हसू आवरेना. त्या बिचाऱ्या आमच्याकडं बघतच राहिल्या.

मग एकदा साहेबांचा खेड्यावरचा दौरा ठरला होता आणि त्यांना ताप आला. त्यांनी सांगितलं की दौरा सोमवारपर्यंत पुट ऑफ. ऑफ म्हणजे बंद, असं धरून पेशकार गावाला सांगावा धाडायला निघाले की साहेब येत नाहीत. यांनी थांबवलं. "रद्द नाही, सोमवारवर ढकललाय. रद्द असता तर कॉल्ड ऑफ म्हणाले असते." पेशकारांनी आत जाऊन विचारलं. तसंच निघालं. साहेबांनी यांना बोलावून विचारलं, इंग्रजी कुठं शिकलात?

"माय वाइफ, सर," हे सगळ्यांदेखत म्हणाले.

हे त्यांनी मला पाय धुता धुता सांगितलं, खाली मान घालून. मी पाणी ओतत होते.

"चार लोकांत बायकोचा विषय काढलात?"

"मग खोटं बोलू का?"

तांब्यातलं पाणी संपलं होतं, तरी मी तो तसाच धरून उभी होते. लग्नाला तीन वर्षं झाली होती. मी काही तरी शिकलेली आहे, हे सासरी पहिल्यांदाच कुणी तरी मोठ्यानं बोललं होतं.

पुढच्या महिन्यात पेशकारांच्या घरच्या मंडळी आपल्या पोरीला घेऊन आल्या. दहा-अकरा वर्षांची, तेल लावून घट्ट वेणी घातलेली. "हिलाबी चार शब्द शिकवा की," त्या म्हणाल्या. आत्याबाईंनी काही न विचारता ओसरीवर चटई अंथरली आणि स्वतः निवडायचं सूप घेऊन कडेला बसल्या.

"सिट डाउन," मी म्हटलं.

पोरगी बावरून उभीच राहिली.

"अगं, बस म्हणती ती," आत्याबाई म्हणाल्या, "बस की."

ती बसली. पुढं त्या ओसरीवर गावातल्या बऱ्याच लेकी शिकून गेल्या.