हॅम्बुर्गची बॅग

पलंगावर बॅग उघडी आहे. मुलाकडे हॅम्बुर्गला जायचंय. आमचे हे सहा महिन्यांपासून अंथरुणावर आहेत, पण काय काय न्यायचं ते तेच सांगतात.

"अगं, माझा लोकरी स्वेटर घेतलास ना? तिथे थंडी फार."

"घेतला."

तिकीट एकच काढलंय, माझं. ह्यांच्याजवळ मुलगी राहणार आहे. ते त्यांना अजून कोणी सांगितलेलं नाही. माणूस आडवा झाला की घरातले आधी त्याला विचारायचं सोडतात, मग त्याच्याशी खोटं बोलायची लाजही सोडतात. मीही सोडली.

स्वेटर मात्र खरंच घेतलाय. घडी घालताना बाह्या मापून पाहिल्या. मुलाला नीट बसेल.

"वरच ठेव हं," हे म्हणाले. "उतरल्या उतरल्या लागेल."

मी वरच ठेवला.