क्यूसी आक्कांचा हिरवा ठिपका

क्यूसी आक्का कोणतीही वस्तू हातात आली की आधी ती उजेडाकडे तिरपी धरायच्या. मग एक डोळा बारीक करून तिच्याकडे असं पाहायच्या, की वस्तूनेच खजील व्हावं. भाकरी असो, ब्लाउजपीस असो, नाहीतर पाहुण्यांनी आणलेला पेढ्यांचा पुडा असो. पाहणी झाल्याशिवाय निकाल नाही, आणि निकाल एकदा दिला की अपील नाही.

त्या मूळच्या पणदऱ्याच्या. लोणी देवकरच्या एका कारखान्यात, क्यूसी म्हणजे माल तपासायच्या खात्यात, सतरा वर्षं त्या सर्किट बोर्डांवरचे सोल्डरचे, म्हणजे शिशाचे, जोड तपासत होत्या. चांगल्या बोर्डाला हिरवा ठिपका, वाईटाला लाल. पुढे ते काम करणारं मशीन आलं आणि आक्का घरी आल्या. बारामतीत आमच्या समोरच्या घरात दोन खोल्या घेऊन त्या साड्यांना फॉल-पिको करू लागल्या. कारखाना सुटला तरी दोन्ही पेनं त्यांच्या पिशवीत राहिली. आमच्या गल्लीतल्या भाजीवाल्याच्या टोमॅटोंवर लाल ठिपके पडलेले मी स्वतः पाहिले आहेत. एका लग्नाच्या पत्रिकेवर तर अठ्ठावीस प्रमुख पाहुणे, चौदा स्वागतोत्सुक आणि दोन आजी-माजी पदाधिकारी होते. आक्कांनी ती तिरपी धरली, लाल ठिपका दिला आणि म्हणाल्या, "नवरी कुठं हाय हिच्यात?"

मी कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झालो तेव्हा माझ्याबद्दल तीन भाषणं झाली. त्यांत मी ओळखत असलेला माणूस कुठेच नव्हता. घरी आल्यावर वाटलं, आपण आयुष्यभर दुसऱ्यांनी केलेल्या वस्तू फळीवर लावल्या. आता एखादी स्वतः करावी. म्हणून पाण्याच्या टाकीच्या अलार्मचं किट मागवलं. एक बोर्ड, चिमूटभर सुटे भाग, एक बझर आणि टाकीत सोडायच्या दोन तारा. पाणी तारांना टेकलं की बझर वाजणार. सोबतच्या कागदावर 'नवशिक्यांसाठी अत्यंत सोपे' असं लिहिलं होतं. सोल्डरिंगवरची दोन पुस्तकं मी आधीच वाचून काढली होती. त्यामुळे पहिल्याच दिवशी बोट भाजलं, पण का भाजलं ते मला नीट सांगता आलं असतं.

आक्का फॉल लावलेली साडी द्यायला आल्या आणि माझ्या टेबलाशी थांबल्या. मी सोल्डरगनच्या तापलेल्या टोकावर शिसं वितळवून ते थेंबथेंब बोर्डावर नेऊन टाकत होतो.

"वाढताय काय सर? पंगत बसलीया व्हय?"

"मग कसं करायचं?"

"आधी जागा तापवा. तार आन् बोर्डावरला पत्रा, दोनी तापू द्या. मग शिसं निस्तं टेकवा. जागा तापली की ते आपल्या पायानं येतंय."

दोन पुस्तकांत मिळून हे वाक्य नव्हतं. म्हणजे बहुधा होतं, पण इतक्या कपड्यांत की मला ओळखू आलं नाही.

दुसरी खोड सुटायला जास्त दिवस लागले. जोड झाला की मी त्यावर फुंकर मारायचो. "चहा हाय का त्यो?" आक्का ओरडायच्या. शिसं थिजताना हललं किंवा फुंकरीने घाईने गार झालं, तर जोड वरून लागल्यासारखा दिसतो, आत धरत नाही. त्याला त्या 'ड्राय' म्हणायच्या. चांगला जोड चकाकतो, ड्राय जोड राखेसारखा दिसतो. माझे निम्मे राखेचे होते. मी एकदा म्हणालो, "आक्का, एवढा एक तुम्हीच करून द्या की." त्यांनी हात मागे घेतले. "तपासनाऱ्यानं हात लावायचा न्हाय. एकदा हात लावला की मानूस सोताच्याच मालाला पास करतंय." मोठमोठ्या संस्थांनी हे वाक्य दारावर लावायला हरकत नाही.

तेव्हापासून मला एकच इच्छा होती. तो हिरवा ठिपका हवा होता. निवृत्तीच्या दिवशी मिळालेलं सन्मानचिन्ह मी माळ्यावर ठेवलं होतं. या ठिपक्यासाठी मात्र भिंतीवर जागा हेरून ठेवली.

खंडेनवमीला बायकोने घरातल्या सगळ्या हत्यारांबरोबर माझी सोल्डरगन आणि बॅटरी जोडलेला अलार्मही पाटावर मांडला. हळदकुंकू वाहिलं, फुलाने पाणी शिंपडलं आणि अलार्म जो किंचाळला, की गल्ली गोळा झाली. बायकोने हात जोडले. शेजारी म्हणाले, "सर, चाललं की तुमचं मशीन!" मी नम्रपणे हसलो. ओलं कुंकू बोर्डावरच्या दोन टोकांमध्ये जाऊन बसलं होतं, हे मला नंतर कळलं.

आक्का तेवढ्या गर्दीत म्हणाल्या, "देवाला वाजलं. टाकीला वाजू द्या."

बोर्ड पुसून, वाळवून टाकीवर बसवला. मोटर सुरू केली. टाकी भरली, वाहिली, पाणी गल्ली ओलांडून आक्कांच्या पायरीला लागलं, आणि अलार्म गप्प. आक्का लुगडं सावरत आल्या. आगकाडीच्या टोकाने एकेक जोड हलवत गेल्या. सातव्याला बझर उचकी लागल्यासारखा वाजला. "ड्राय," त्या म्हणाल्या आणि लाल ठिपका दिला.

त्याच आठवड्यात कारखान्याचं परत बोलावणारं पत्र आलं. "मशीन ड्राय जोड बी पास कराय लागलंय म्हनं," आक्का म्हणाल्या. ते पत्र त्यांनी तीनदा उजेडाकडे तिरपं धरलं. सतरा वर्षं कागदावर त्या 'हेल्पर' होत्या. पत्रात 'ट्रेनर' लिहिलं होतं. कॉलनीच्या मंडळाने लगेच शाल-नारळाचा घाट घातला. आक्कांनी शाल उजेडाकडे धरली, सुटलेला धागा अध्यक्षांना दाखवला आणि सत्कार थांबवून सुई मागितली.

राहण्याची सोय तिकडेच होती. सोमवारी सकाळी कंपनीची बस कोपऱ्यावर येणार होती. मी पहाटेपासून तो सातवा जोड घेऊन बसलो. आक्का बॅग घेऊन दारात आल्या, तेव्हा शेवटचं शिसं टेकवत होतो.

"जागा तापली का?"

"तापली."

शिसं आपल्या पायाने आलं. असा चकाकता जोड मी जन्मात केला नव्हता. बसने हॉर्न दिला. मी दचकलो, आणि सवयीने फुंकर मारली.

आम्ही दोघंही त्या जोडाकडे पाहत राहिलो. त्याच्यावर हळूहळू राख चढली. दुसरा हॉर्न झाला. आक्कांनी लाल पेन काढलं, ठिपका दिला आणि पेन माझ्या हातात ठेवलं.

"ह्ये ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं. हिरवं न्हाय देत. सोताच्या मालाला हिरवा लावायचा नसतो. लाल लावाय कुनाची परवानगी लागत न्हाय."

दिवाळीच्या सुट्टीत त्या फराळाला आल्या. चकली हातात घेऊन, ती तिरपी धरून, मग माझ्या टेबलाशी आल्या. मधल्या काळात मी तीन बोर्ड केले होते. तिन्ही वाजत होते. दोन बोर्डांवर मात्र मीच एकेका जोडाला लाल ठिपका दिला होता. तिसऱ्यावर एकही ठिपका नव्हता; तो मी मुद्दाम सगळ्यात पुढे ठेवला.

आक्कांनी तो उजेडाकडे धरला. "लाल पेन आना," त्या म्हणाल्या. मी आणून दिलं. तिसरा गेला.

मग त्यांनी उरलेले दोन उचलले. माझ्या ठिपक्यांकडे बराच वेळ पाहिलं, आगकाडीने ते जोड हलवून पाहिले. पिशवीत हात घालून हिरवं पेन काढलं आणि माझ्या प्रत्येक लाल ठिपक्याशेजारी एक हिरवा ठिपका दिला.

"माल न्हाय," त्या म्हणाल्या, "तपासनी पास हाय."

भिंतीवर आता ते दोन नापास बोर्ड लावले आहेत.